कडेचा कार्बन

जुन्या फियाटचं हेड उचललं की लगेच हात लावायचा नाही. आधी बघायचं. चार पिस्टनचे चार माथे समोर येतात आणि चारही वेगळे असतात. एकावर कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी. दुसऱ्यावर टणक, खवले धरलेला थर. तिसऱ्याच्या एका अंगाला तेलकट ओल. चौथा तांबूस-राखाडी, जवळजवळ स्वच्छ. पेट्रोल एकाच कार्ब्युरेटरमधून आलेलं, वंगण एकच, रस्ते तेच, तरी चारही सिलिंडर आपापल्या परीने जगलेले. इंजिनाच्या कामातला हा क्षण मला सगळ्यांत प्रिय आहे. चोक किती वेळ ओढून ठेवला, कुठली रिंग झिजली, कुठल्या व्हॉल्वच्या गाइडमधून तेल झिरपतंय, हे सगळं त्या काळ्या थरात असतं. एकदा ब्रश फिरवला की ते गेलं.

हे बघणं मला आण्णांनी शिकवलं, पण त्याची सुरुवात फियाटपासून झाली नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर होतं आणि घरात पहिल्यांदा आली ती स्कूटर. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते पेट्रोलबरोबर जळतं, आणि जे नीट जळत नाही ते एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या पोटात जाऊन बसतं. तोंड अरुंद झालं की जळलेला धूर बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ताजं मिश्रण आत यायलाही जागा नाही. मग स्कूटर चढावर दमायची. आण्णा एखाद्या रविवारी सायलेन्सर उतरवायचे आणि गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत जाळ करून त्यात ठेवायचे. आतला तेलकट कोळसा पेट घ्यायचा, नळीच्या तोंडातून पिवळट दाट धूर निघायचा, आणि आई दोरीवरचे कपडे घाईघाईने काढायची. निवल्यावर लाकडाने ठोकला की काळ्या खपल्या भुईवर पडायच्या. तोवर पिस्टन खाली सरकवून आण्णांनी सिलिंडरमधलं एक्झॉस्टचं तोंड बांबूच्या कामटीने खरवडलेलं असायचं. जोडल्यावर स्कूटर अशी उचल खायची की आम्ही मागे बसलेली पोरं आण्णांचा शर्ट घट्ट धरायचो.

फियाट आली ती जुनीच, दुसऱ्याने वापरलेली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं, तरी कोल्हापुरात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. तिचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. व्हॉल्व हेडात, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि मधल्या अंतरासाठी पुशरॉड. घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी उघडता येईल आणि पुन्हा जोडता येईल असं ते यंत्र आहे. माझ्या मते या देशातल्या कित्येक माणसांना इंजिन म्हणजे काय ते या गाडीनं समजावून दिलं, आणि त्याबद्दल मला तिचे उपकार वाटतात.

कार्बन साठला हे कळायचं ते घाटात. रत्नागिरीला जाऊन परतताना आंबा घाटाच्या चढाला आण्णांनी ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून खडखड ऐकू यायची, मूठभर खडे डब्यात हलवल्यासारखी. ते नॉकिंग. एका सिलिंडरमध्ये साधारण 272 घन सेंटिमीटर मिश्रण येतं आणि पिस्टन ते सातव्या-आठव्या हिश्शाच्या जागेत दाबून बसवतो. म्हणजे वर उरते ती चाळीसेक घन सेंटिमीटरची जागा. तिथे कार्बनने थोडी जरी जागा अडवली तरी दाब वाढतो. शिवाय कार्बन उष्णता धरून ठेवतो. त्याचं एखादं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि प्लगची ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. घरी आल्यावर चावी फिरवून काढली तरी इंजिन धडधडत, आचके देत चालू राहायचं, तेही याच कारणानं. आण्णा मग ब्रेक दाबून, गाडी टॉपमध्ये टाकून क्लच सोडायचे, तेव्हा ते गप्प व्हायचं.

आमच्या मिस्त्रींकडे यावर एक जुना तोडगा होता. गरम इंजिन जरा वरच्या वेगावर ठेवायचं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात थेंबथेंब पाणी सोडायचं. आत वाफ होते, तापलेल्या कार्बनला तडे जातात आणि तो धुराबरोबर बाहेर पडतो. हे खरोखर घडतं. पण पाणी दाबलं जात नाही. हात सैल सुटून एकदम जास्त गेलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आण्णांची हरकत वेगळीच होती. ते म्हणायचे, "मिस्त्री, कार्बन जाईल हो. पण तो का साठला ते कसं कळणार?"

म्हणून हेड उघडायचं. रेडिएटर रिकामा करून एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि रॉकर शाफ्ट काढायचा. पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी परत गेले पाहिजेत, कारण प्रत्येकाची आपल्या जोडीदाराशी झीज बसलेली असते. आण्णा जुन्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ते ओळीने खोवायचे आणि समोरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढायचे. आठ व्हॉल्वनाही तसाच पुठ्ठा. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. एकदम एकच मोकळा केला तर ॲल्युमिनियम पीळ धरतं.

पिस्टन दोन-दोन वर आणायचे. उरलेल्या दोन सिलिंडरमध्ये आणि पाण्याच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबायची. वर आलेल्या पिस्टनच्या कडेला, भिंतीशी, ग्रीसचं बोट फिरवायचं म्हणजे खरवडलेला चुरा फटीत न पडता ग्रीसमध्ये अडकतो. हत्यार लाकडाचं किंवा पितळेचं. पोलादी स्क्रॅपरनं काम पटकन होतं, पण पिस्टन मऊ धातूचा, आणि त्यावर उठलेल्या प्रत्येक ओरखड्यात पुढचा कार्बन आधी बसतो. रॉकेलने थर भिजवून ठेवायचा, थांबायचं, मग खरवडायचं.

मी पहिल्यांदा लाकडी पट्टी हातात घेतली तेव्हा पिस्टनचा माथा अगदी काठापर्यंत चकचकीत करायला निघाले होते. शेजारी बसलेल्या मिस्त्रींनी एक जुनी, झिजलेली पिस्टन रिंग आणून माथ्यावर ठेवली. "ताई, हिच्या आत काय करायचं ते कर. कडंला हात लावायचा न्हाई. जुनं इंजिन हाय, कडंचा कार्बन ऱ्हाऊ दे." वरच्या रिंगच्या वर, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या बारीक फटीत जो कार्बन बसलेला असतो, तो झिजलेल्या इंजिनात तेल वर चढू देत नाही. तोही काढला तर गाडी तेल प्यायला लागते, आणि जळलेल्या तेलाचा नवा कार्बन दुप्पट वेगानं साठतो. जुन्या दुरुस्तीच्या पुस्तकांतही ही कड राखायला सांगितलेलं असे. स्वच्छ करणं म्हणजे सगळं काढणं, अशी माझी तोवरची समजूत होती. ती त्या रिंगमुळे बदलली. आजही हेड उघडलं की मी आधी ती रिंग शोधते.

व्हॉल्वचं काम मात्र मला त्याहून आवडतं. इनलेट व्हॉल्वच्या पाठीवर चिकट काळा लगदा, एक्झॉस्टच्या पाठीवर भाजून कडक झालेली तपकिरी राख. ते साफ झालं की सीटवर ग्राइंडिंग पेस्टचे ठिपके लावायचे, काठीचा रबरी पेला व्हॉल्वला चिकटवायचा आणि ताक घुसळताना रवी फिरवावी तशी काठी दोन तळव्यांत मागे-पुढे फिरवायची. मधून मधून उचलून थोडी जागा बदलायची. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. आवाज मिटला की पेस्टनं जेवढं कापायचं तेवढं कापलं. पुसून पाहिलं की व्हॉल्ववर आणि सीटवर अखंड राखाडी वर्तुळ दिसतं. कुठेही तुटता कामा नये. मग व्हॉल्व जागी बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि खालून थेंब झिरपतो का ते बघत बसायचं. आण्णांबरोबर अशा कितीतरी संध्याकाळी मी थेंबाची वाट बघत काढल्या. त्या वेळात ते ऑफिसबद्दल बोलायचे, माझ्या कॉलेजबद्दल विचारायचे. एरवी ते फार बोलत नसत.

त्या काळातल्या कार्बनचा रंग मात्र आठवला की मला संताप येतो. तो नुसता काळा नसायचा. त्यात राखाडी, कुठे कुठे पिवळसर भुकटी असायची, आणि ते शिसं होतं. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळलं की टेट्राएथिल लेड मिसळलं की पेट्रोलचं नॉकिंग थांबतं, आणि पुढे जवळजवळ जगभर गाड्यांनी शिसं जाळलं. आपल्याकडे 1995 च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झालं. त्याआधी कित्येक गॅरेजमध्ये दहा-बारा वर्षांची पोरं नाकाला फडकंही न बांधता कोरड्या हेडवर तारेचा ब्रश मारत बसलेली मी पाहिली आहेत. ब्रशनं उडालेली ती धूळ त्यांच्या छातीत गेली. आण्णा थर रॉकेलने भिजवायचे ते धूळ उडू नये एवढ्यासाठी. त्यात शिसं आहे म्हणून नव्हे. त्या सवयीनं आम्ही वाचलो. त्या पोरांना कुणी काही सांगितलं नाही.

लग्नानंतर मी पुण्याला आले. तिथल्या आमच्या गाडीत कार्ब्युरेटर नव्हता, इंजेक्टर होते. मिश्रण मोजूनमापून जातं, पेट्रोल इनलेट व्हॉल्ववर फवारलं जातं आणि जाता जाता व्हॉल्व धुतो, त्यामुळे कार्बनची कटकट खूपच कमी. आता थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी इंजिनं आली आहेत आणि त्यात हे धुणंच थांबलं. तेलाची वाफ इनलेट व्हॉल्वच्या पाठीवर बसते, भाजते, आणि तिथे पेट्रोल पोचतच नाही. तिथे अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबानं मारून व्हॉल्व साफ करतात. धातूला ओरखडा न येता कार्बन निघतो, म्हणून अक्रोड. मिस्त्रींच्या लाकडी पट्टीमागचा विचार इथेही तोच आहे.

हल्ली सर्व्हिसला गाडी दिली की बऱ्याच ठिकाणी न मागता डीकार्बनायझिंगचं बिल हातात पडतं. फवारा मारतात, फेस सोडतात, बाटली टाकीत ओततात. थ्रॉटलच्या तोंडावरची काजळी फवाऱ्यानं छान निघते आणि ते काम घरी कुणालाही करता येतं. पण सिलिंडरमधल्या, वर्षानुवर्षं भाजून टणक झालेल्या थरावर अंधारात रसायन सोडणं मला पटत नाही. सुटलेली खपली एक्झॉस्ट व्हॉल्वखाली अडकली तर व्हॉल्व नीट बसत नाही आणि जळतो. बरं, कार्बन गेलाच समजा. तेल खाणारी रिंग किंवा जास्त पेट्रोल पाजणारा कार्ब्युरेटर तर तसाच राहिला. प्लग काढून बघायला पाच मिनिटं लागतात. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त, ओलं काळं असेल तर तेल. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही असतो. एवढं बघितल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नये असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, आणि पुढेही सांगेन.

आण्णा गेल्यावर फियाट माझ्याकडे आली. तोवर तिच्या सोबतच्या गाड्या रस्त्यावर फार दिसेनाशा झाल्या होत्या. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही थांबली. त्या टॅक्सी शेवटी सीएनजीवर चालायच्या आणि गॅस जळताना कार्बन फार कमी ठेवतो. माझी मात्र पेट्रोलवरच आहे. यंदा तिचं हेड मी उघडलं तेव्हा शेजारी माझी लेक बसली होती. तिलाही आधी हात लावू दिला नाही. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आई, शिसं कुठेच नाही, पण तीन नंबर अजून ओला आहे." हेड कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरमध्ये नेऊन फेसिंग करून आणलं. नवं गॅस्केट टाकून नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने आवळले, टॅपेट फिलर गेजने लावले, आणि इंजिन एकदा तापवून, थंड करून पुन्हा तपासले.

घाटात आता खडखड नाही. चावी काढली की इंजिन तिथेच थांबतं. पण तीन नंबरच्या व्हॉल्वची गाइड चांगली निघाली, म्हणजे तेल खालून येतंय, रिंगांमधून. थंडीत ऑइल चेंबर उतरवून पिस्टन बाहेर काढायचे आहेत. रिंगा स्टँडर्ड बसतील की ओव्हरसाइज लागतील, ते बोअर मोजल्यावर ठरेल. मोजायला लेक येणार आहे. तिनं सुट्टी टाकली आहे.