मशीद बंदरची ‘जुनी मशीद’

तीर्थक्षेत्री गेल्यावर क्षेत्रोपाध्याय प्रथम आपले गाव विचारतो, मग गोत्र, मग आजोबांचे नाव. आणि लाल फडक्यात बांधलेली चोपडी सोडून आपल्याच घराण्यातील एखाद्या विस्मृत पुरुषाचे हस्ताक्षर आपल्यापुढे धरतो. गेल्या मार्गशीर्षात मुंबईस ज्या वाटाड्या बाईंच्या मागोमाग मी अडीच तास पायी हिंडलो, त्यांनी यांपैकी काहीच विचारले नाही. पैसे मात्र आगाऊ घेतले. जुने मोहल्ले असे शुल्क घेऊन दाखविण्याची पद्धत अलीकडे चांगलीच रुळली आहे म्हणतात. माझ्या पुतण्याने परस्पर माझे नाव घातले आणि “काका, पस्तीस वर्षे साताऱ्यात इतिहास शिकवलात, आता एकदा तो पायांनी पाहा,” असे म्हणून एका रविवारी सकाळी मला मशीद स्थानकावर नेऊन उभे केले.

आम्ही दहा-बारा मंडळी होतो. दोघे परदेशी, काही महाविद्यालयीन विद्यार्थी, आणि धोतर नसले तरी टोपी असलेला मी एकटा. बाई वयाने लहान, पण आवाज खणखणीत. सारे निरूपण इंग्रजीत.

‘मशीद’ हे स्थानकाचे नाव मुसलमानांच्या एखाद्या मशिदीवरून पडले असेल असे मी जन्मभर समजत आलो होतो. ते यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात. मांडवीच्या गल्ल्यांतून, हातगाड्या व हमाल चुकवीत आम्ही सॅम्युएल स्ट्रीटवर आलो. या भागाला पूर्वी इस्राएल मोहल्ला म्हणत. कोकणातून पोटासाठी आलेल्या बेने इस्राएल लोकांची येथे वस्ती होती. त्यांच्यापैकी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल यहेज्केल, हे इंग्रजांच्या पलटणीत अंमलदार होते व टिपूच्या कैदेत सापडले होते. परंपरा अशी की टिपूच्या मातेने त्यांची जात विचारली, ‘बेने इस्राएल’ हे उत्तर ऐकून या लोकांचा कुराणात उल्लेख आहे असे तिने मुलास सांगितले, आणि त्यांचे प्राण वाचले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईतील हे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८६० साली ते आजच्या जागी आले. ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे हिब्रू नाव. लोकांच्या तोंडी मात्र ‘जुनी मशीद’. कारण पुढे जवळच आणखी एक झाले, ती ‘नवी’.

दिवेआगरचे ते दिवेकर, किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. बाई ही नावे सांगत होत्या आणि परदेशी पाहुणे मान डोलवीत होते. मला मात्र आमच्याच शाळेचा हजेरीपट ऐकतो आहे असे वाटले. पुढे त्यांनी उत्पत्तीची कथा सांगितली: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेते तेथेच पुरली. आता आम्हा चित्पावनांचीही कथा समुद्रकाठच्या चौदा प्रेतांचीच आहे. परशुरामाने ती उठविली एवढाच काय तो फरक! कोणाची कथा कोणी घेतली यावर विद्वानांनी खुशाल वाद करावा. एकाच वाळूवर दोन्ही कथा सापडतात, हे मला कोणी शिकविले नाही आणि मीही कोणाला शिकविले नाही. औंध आमच्या सातारा जिल्ह्यातले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या संस्थानचे कारभारी असलेल्या जेकब बापूजींचे नाव मी वाचलेले होते. पण हे कोणी ख्रिस्ती गृहस्थ असावेत, अशी समजूत करून घेऊन मी ते पान उलटले होते. तेही बेने इस्राएल.

मंदिराच्या आत गारवा होता. मध्यभागी कठड्याचा चौथरा, वर स्त्रियांची गॅलरी, पश्चिमेस, म्हणजे यरुशलेमच्या दिशेस, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट. बाईंनी पिशवीतून काही छापील चित्रे काढली. पुण्यास १८७४ साली छापलेल्या त्यांच्या वल्हांडण-सणाच्या पोथीतील पाने होती ती. हिब्रू मजकूर, सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रात आपल्याकडील वेषातल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करीत बसलेल्या. एका विद्यार्थ्याने विचारले, हे मराठी काय लिहिले आहे? बाई जरा अडखळल्या. मुळाक्षरे येत होती, पण जुन्या वळणाची मराठी जिभेवर चढेना. मग सर्वांनी टोपीकडे पाहिले. मी चष्मा पुसला आणि वर्गात वाचावे तसे वाचले. त्या भिंतींनी मराठी पहिल्यांदा ऐकली असे अर्थातच नव्हे. त्यांच्या प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ यहेज्केल राजपूरकर माझ्यासारखेच शाळामास्तर, आणि आपल्या हरिदासांच्या धर्तीवर या मंडळींनी १८८० च्या सुमारास मोशे, योसेफ यांच्या आख्यानांची कीर्तने मराठीत सुरू केली होती.

यानंतर बाईंनी सणांची नावे सांगितली. ती त्यांना मराठीतच सांगावी लागली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा सण.

‘दारफाळणी’ हा शब्द मी सुमारे साठ वर्षांनी ऐकला.

मिरजेस आमच्या वाड्यात समोरच्या दोन खोल्यांत रेल्वेतील एक कारकून राहत. आम्ही मुले त्यांच्या बायकोला इस्राएलकाकू म्हणत असू. त्यांची चूल शनिवारी पेटत नसे. कोकणात यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे मला पुष्कळ पुढे कळले. वर्षातून एक दिवस त्यांचे दार सबंध दिवस बंद राही. घरातील मोठी माणसे निर्जळी उपास करून आत प्रार्थना करीत. आम्ही कडी वाजवून पळत असू. दार उघडत नसे. सन १९६६ असेल, मी आठ वर्षांचा होतो. दिवेलागणीस दार उघडले. काकू पांढऱ्या लुगड्यात उंबऱ्यावर आल्या आणि कडी वाजविणाऱ्या माझ्याच हातावर त्यांनी चिकाच्या हलव्याची वडी ठेवली. मी ती तोंडात घातली. आजी सोवळ्यात होती. तिने ओसरीवरून पाहिले, मला दंडाला धरून आडावर नेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट दोन बादल्या ओतल्या. काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांना सर्व दिसत होते. मग त्यांनी दार लावून घेतले, हलकेच, आवाज होऊ न देता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आजीला नेहमीप्रमाणे ‘पाणी आले का हो?’ म्हणून विचारले. आजी वाईट नव्हती. त्यांच्या मुलाला गोवर आला तेव्हा तिने रात्र रात्र जागून काढे करून दिले होते, फक्त भांडे परत घेतले नाही. पुढल्या वर्षी ते कुटुंब इस्राएलला निघून गेले. स्टेशन चालण्याच्या अंतरावर, तरी निरोपाला आमच्या घरातून वडील तेवढे गेले. मी गेलो नाही. कोणी अडविले नव्हते. लाज वाटत होती, पण कशाची ते तेव्हा उमगले नाही.

१९४८ च्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. आज साऱ्या भारतात यहुदी चार-पाच हजार उरले असतील. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेवढे जमविणे येथे सोपे राहिलेले नाही, असे तेथील देखरेख करणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले. इतरांचे छायाचित्रे काढणे चालले असता मी त्यांच्यापाशी बसलो होतो. आम्ही मराठीत बोललो. त्यांची मराठी काकूंसारखीच, कोकणी हेलाची. हिवाळ्यात इस्राएलहून पुष्कळ लोक येतात, म्हणाले; नातवंडांना घेऊन येतात, आजोबांच्या नावाची पाटी शोधतात. “तुमचं कोणी होतं का इथलं?” त्यांनी विचारले.

मी काकूंचे आडनाव सांगितले. ते हसले. त्या आडनावाची माणसे आता गावोगाव नव्हे, देशोदेशी! मग त्यांनी अभ्यागतांची वही माझ्यापुढे सरकविली. नाव, गाव, दिनांक असे रकाने होते. वरच्या ओळी इंग्रजीत व हिब्रूत. मी नाव मराठीत लिहिले. ‘गाव’ या रकान्यात हात सवयीने ‘सातारा’ लिहू लागला, तो आवरला. तेथे मी ‘मिरज’ लिहिले, त्यापुढे वाड्याच्या मालकांचे नाव लिहिले, आणि कंसात ‘समोरच्या खोल्या’ असे घातले. जागा पुरली नाही, म्हणून उरलेले समासात गेले.