पॅडी

आमच्या लहानपणी दादरच्या पोरांमध्ये दोन पक्ष होते. एक गावसकरवाल्यांचा आणि एक वाडेकरवाल्यांचा. मी मात्र तिसऱ्याच पक्षात, पद्माकर शिवलकरांच्या! सभासद दोनच. मी आणि आमचे दादा (आमच्याकडे वडिलांना दादा म्हणत).

आजच्या मुलांना हे नाव समजावून सांगावं लागतं. डावखुरे फिरकी गोलंदाज, शिवाजी पार्क जिमखान्याचे आणि मुंबईचे. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. आणि कसोटी सामने? एकही नाही. ३ मार्च २०२५ ला ते गेले, ८४ वर्षांचे होऊन. तेव्हा जिथे तिथे तेच वाचलं, 'भारताकडून कधीच न खेळलेले थोर गोलंदाज'. खरंच आहे ते, पण मला खटकलं. का, ते नीट सांगता येतंय का बघतो.

गावसकर आम्हाला रेडिओवर भेटायचे. पॅडी (सगळे त्यांना पॅडीच म्हणत) पार्कावर दिसायचे. कांगा लीग म्हणजे ऐन पावसाळा, ओली खेळपट्टी. एकाच वेळी तीन-चार सामने चाललेले, एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. तिकीट नाही की काही नाही. कट्ट्यावर बसायचं, शेंगदाण्याची पुडी सोडायची आणि बघायचं. त्यांची ती घाई नसलेली धाव, आणि हातातून सुटलेला चेंडू हवेत असा काही रेंगाळायचा की फलंदाजाला वाटावं, आता मारतोच! तो पुढे यायचा, आणि तिथे चेंडू नसायचाच.

१९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. सामना मद्रासला, चेपॉकवर. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, दोघंही घरच्या मैदानावर, आणि खेळपट्टी फिरकीची. मुंबई १५१ मध्येच आटोपली. आमच्या घरी सुतकी शांतता. मग पॅडींनी १६ धावांत ८ बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तामिळनाडू ८० आणि ६१! तिसरा दिवस जेमतेम सुरू झाला आणि सामना संपलासुद्धा. मुंबईचं ते सलग पंधरावं अजिंक्यपद. दादांनी पेपरातला धावफलक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कित्येक वर्षं होता तो तिथे, डाळीच्या डब्यांच्या सोबतीला.

आता कसोटीत घेणारच, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण तिथे बेदी होते. १९७४ च्या नोव्हेंबरात शिस्तीच्या कारणावरून बेदींना वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगलोर कसोटीतून वगळलं, तेव्हा मी चाळभर नाचलो होतो. बोलावणं आलं ते हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना. आणि त्यांनाही शेवटी अकरांत घेतलं नाही! गोयलही आयुष्यभर तसेच राहिले.

त्याच सुमारास दादांची बढती हुकली. तिसऱ्यांदा. ज्याला त्यांनी काम शिकवलं तोच त्यांचा साहेब झाला. आई रडली. दादा सोमवारी नेहमीच्या गाडीने कामावर गेले. संध्याकाळी मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? तर म्हणाले, "शिवलकर काल आला होता ना पार्कावर?" बस, एवढंच.

तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. पुढे मी नोकरीला लागलो आणि मला त्याचाच राग येऊ लागला. मुकाट्याने काम करणाऱ्याचं कौतुक हे डावलणाऱ्यांच्या किती सोयीचं असतं! १९८७-८८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, पॅडी मुंबईकडून पुन्हा रणजी खेळले, तेव्हा मी दादांना हे बोलून दाखवलं. दादा नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "अन्याय झाला नाही असं मी कधी म्हटलं? झाला तो झालाच. पण म्हणून चेंडू वाईट टाकायचा का रे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

गावसकरांनी १९८३ च्या 'आयडॉल्स' या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही आपल्या आदर्शांमध्ये बसवलं. आपण कर्णधार असताना निवड समितीला यांच्यासाठी पटवू शकलो नाही, ही खंत त्यांनी पॅडी गेल्यावर बोलून दाखवली. २०१७ मध्ये बोर्डाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. ते बघायला दादा नव्हते.

लोक म्हणतात, कसोटी खेळले असते तर ते जगाचे झाले असते, तुमच्या पार्काचे राहिले नसते. मला ही समजूत नको आहे. त्यांनी खेळायलाच हवं होतं. पण जे खेळले नाहीत तेवढ्यावरून त्यांना ओळखायचं, हेही मला मान्य नाही. ते खेळले, वर्षानुवर्षं खेळले. आम्ही बघितलंय ना, कट्ट्यावर बसून, अगदी फुकट!