मांडवीवरचा सूर्यास्त, साक्रीकरांसाठी

साक्रीच्या माणसाचं पाण्याशी नातं म्हणजे कान नदी, तीही पावसाळ्यात. सूर्य आमच्याकडे पिंपळनेरच्या बाजूच्या डोंगरांमागे जातो. त्यामुळे "गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत समुद्रात बुडणारा सूर्य बघायचाय" असं आई म्हणाली आणि डिसेंबरातलं गोवा ठरलं. हाताशी संध्याकाळ एकच.

पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरून तासाभराच्या फेऱ्या सुटतात. लोक भाव आणि डीजे बघून तिकीट काढतात. मी म्हणतो, आधी पंचांग बघा! डिसेंबरात पणजीला सूर्य ६ ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो, मे महिन्यात ७ च्या आसपास. म्हणजे ६ ला सुटणारी 'सनसेट क्रूझ' मे महिन्यात झकास, डिसेंबरात बोट हलेपर्यंत खेळ खलास. आम्ही साडेपाचची छोटी बोट धरली. दुसरी अट, जिना चढायला नको.

बोट पश्चिमेला नदीच्या मुखाकडे निघते. डावीकडे पणजी, पुढे मिरामार. उजवीकडे रेईश मागूशचा किल्ला. मध्ये कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या. देखणी झाली, फुगडी झाली, मग डीजे (असो!). थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून जाताना डावा कठडा पकडा.

मी आईसाठी खुर्ची ओढली. तिने तिच्यावर पर्स ठेवली आणि स्वतः कठड्याला धरून उभी राहिली.

"पानीमा बुडी गया रे!" थोड्या वेळाने म्हणाली, "मंग सकायले कोठेन निंघी?"