परसातल्या कोंबड्या आणि पावसाळ्यातले जंत

पावसाळा सरत आला आणि आमच्या तलंगा वाळायला लागल्या. धान्य टाकलं की सगळ्यात आधी त्याच धावायच्या, पण अंड्यावर येण्याचं वय झालं तरी तुरे फिकटच. जुन्या कोंबड्यांची अंडीही कमी झाली होती. शेजारी म्हणाले, मानमोडी असेल. पण मानमोडीत माना वाकड्या होतात, धाप लागते, कोंबड्या पटापट मरतात. इथे तसं काहीच नव्हतं.

रात्री सासूबाईंनी खुराड्यात हात घालून एकेक तलंग उचलली, छाती चाचपली. "हाड लागतंय गं, अंगावर मांसच नाही," म्हणाल्या. पिसं फुगलेली असतात, त्यामुळे नुसतं बघून कोंबडी किती वाळली ते कळत नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. मला वाटतं, कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला ही सवय हवी.

त्याच सुमारास पाहुण्यांसाठी एक कोंबडी कापली. आतडं उघडलं तर शेवयांसारखे पांढरट, बोटभर लांब जंत एकमेकांत गुंतलेले. आतड्याची वाटच अडली होती. खाल्लेलं अंगी लागणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळची ताजी विष्ठा डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती मिठाच्या दाट पाण्यात कालवली, जंतांची अंडी वर तरंगून आली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी ती मलाही दाखवली. लंबगोल, जाड कवचाची. मोठ्या गोल जंतांवर पायपराझिन चालतं, पण इतर जंत असले तर ते पुरत नाही. म्हणून त्यांनी फेनबेंडाझोल दिलं, तेही कोंबड्यांचं वजन विचारून. लसूण, कडुनिंबाचा पाला आम्हीही घालतो, पण पोटात एवढे जंत झाल्यावर त्याचा भरवसा धरू नये. औषधाच्या काळात, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडी खायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. आतड्याच्या अस्तरात वाढणारी जंतांची पिल्लं पहिल्या डोसातून सुटू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी डॉक्टरांनी दुसरा डोस द्यायला लावला.

औषधाइतकंच महत्त्व जमिनीला. विष्ठेतून पडलेलं जंताचं अंडं लगेच बाधत नाही. उबदार ओलीत दहा ते वीस दिवसांत ते तयार होतं आणि मग दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातं. ओल्या मातीत ते कित्येक महिने टिकतं. त्यामुळे आता दर आठवड्याला खुराड्यातला भुसा काढून दूर खतखड्ड्यात टाकतो. पाण्याचं भांडं चिऱ्यावर ठेवलं, म्हणजे भोवती चिखल होत नाही. चुना ओल शोषतो, पण ही अंडी त्याने मरत नाहीत. त्यांना मारतं ते कडक ऊन आणि कोरडेपणा. खुराड्यावर वाकलेल्या फांद्या म्हणूनच छाटल्या. पट्टकृमी मात्र मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी खाल्ल्याने होतात आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना त्यांपासून पुरतं वाचवता येत नाही. विष्ठेत तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, त्याचं औषध वेगळं असतं.

मोठ्या कोंबड्या पोटात जंत घेऊनही धडधाकट दिसतात. मरतात ती पिल्लं. तीन महिन्यांची होईपर्यंत पिल्लं वेगळ्या, कोरड्या जागेतच ठेवा.