सरासरी

आमच्या वाड्याची वाटणी झाली ती २०१९ च्या उन्हाळ्यात. विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, परसातला फणस एक साल त्यांचा नि एक साल आमचा असे ठरले, माळ्यावरच्या फुटक्या हंड्यांचीसुद्धा मोजदाद झाली. एवढ्या चोख हिशेबात एक गोष्ट मात्र पंचांच्या ध्यानातून निसटली. आमच्या घराचा विजेचा मीटर होता देवडीत, आणि देवडी गेली अण्णांच्या वाट्याला.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. ते पुण्याला असतात. देवडीला त्यांनी पितळी कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली नि ते गेले ते पुन्हा घराकडे फिरकले नाहीत. बोलणे तर वाटणीच्या दिवशीच संपले होते. 'अण्णा, मीटरपुरती किल्ली असू द्या' एवढे एक वाक्य मी फोनवर बोललो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते. पण भाऊबंदकीत पहिले वाक्य कुणी बोलायचे, हा तंटा इस्टेटीच्या तंट्याहून चिवट असतो.

मीटर वाचणारा पोरगा दर महिन्याला यायचा, कुलपाकडे पाहायचा नि तशी नोंद करून निघून जायचा. बिलावर जिथे मीटरचा फोटो छापतात तिथे काळा चौकोन येई आणि युनिटांच्या रकान्यात ६१. मागच्या काही महिन्यांची सरासरी काढून तो आकडा बसवलेला होता. वैशाखात पंखे रात्रंदिवस फिरले तरी ६१, आणि आम्ही सगळे आठ दिवस लग्नाला गेलो तरी ६१. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर मीटर वाचणे थांबले, सर्वांनाच सरासरीची बिले आली आणि पुढे जूनमध्ये एकदम फुगलेले आकडे पाहून गावोगाव ओरड झाली. त्या ओरड्यात मी नव्हतो. माझे आपले ६१ च होते. शाळेच्या वेळेबाहेर मी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा अदमासाने भरलेल्या रकान्यांचे मला वावडे असण्याचे कारण नव्हते. घरात फ्रीज आला तरी आकडा हलला नाही, तेव्हा तर मला मनातून बरेच वाटले होते.

२०२३ च्या डिसेंबरात आईला दवाखान्यातून घरी आणले ते प्राणवायूच्या यंत्रासकट. २०२१ च्या साथीत हे यंत्र पुष्कळांच्या ओळखीचे झाले. लहानशा ट्रंकेएवढी पेटी. खोलीतली हवा ती आत ओढते, तिच्यातला नायट्रोजन अडवून ठेवते नि उरलेला प्राणवायू नळीने नाकाशी पोचवते. नळकांडी बदलायला नकोत, काही नको. वीज मात्र अखंड हवी. पेटीच्या पाठीवर ३५० वॅट असे लिहिलेले होते. मास्तराला एवढे पुरे असते. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणजे दिवसाला ८.४ आणि महिन्याला २५२. कुणाचे यंत्र ते न सांगता हे गणित मी सातवीच्या फळ्यावर घातलेसुद्धा. उत्तर बरोबर आले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, एवढी वीज कुणाच्या घरी लागते?" मी म्हणालो, "हे गणितातलं घर आहे. बस खाली."

आई रॉकेलच्या चिमणीपुढे वाढलेली. माणूस खोलीतून उठले की दिवा मालवायचा, हा तिचा धर्म. पाहुणा स्वच्छतागृहातून बाहेर पडायच्या आधीच ती बटणापाशी उभी असे. यंत्र येऊन दहाएक दिवस झाले असतील, एका रात्री मला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. यंत्राची घरघर बंद होती. आई अंधारात बसून होती नि तिचा श्वास मला उंबऱ्यापासून ऐकू येत होता.

"राहू दे रे थोडा वेळ बंद," ती म्हणाली. "मला काही होत नाही. दिवसरात्र चालतंय. किती वीज जात असेल!"

दिवा लावला तेव्हा तिचे ओठ निळसर पडलेले दिसले.

चार दिवसांनी बिल आले. ते मी धावतच तिच्या खाटेपाशी नेले. "आई, हे बघ. यंत्र आल्यापासून एक युनिट वाढलं नाही. एकसष्ट." तिने चष्मा मागितला, आकड्यावर बोट ठेवले नि पेटीकडे पाहिले. "गुणाचं आहे म्हणायचं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने यंत्राला कधी हात लावला नाही. फक्त दर महिन्याला बिल मोठ्याने वाचून दाखवायला लावी. मी वाचून दाखवी. एकसष्ट. आकडा खोटा आहे हे मला ठाऊक होते. कधीतरी कुणीतरी देवडी उघडील हेही ठाऊक होते. वीज कचेरीत जाऊन तक्रार केली असती तर खरे बिल आले असते, आणि त्या खऱ्या बिलाने माझ्या आईने यंत्र बंद केले असते. निदान मी स्वतःला तसे सांगत होतो. त्या महिन्यांत हातात जो पैसा उरत होता, त्याविषयी मात्र स्वतःशीही काही बोलत नव्हतो.

२०२४ च्या कोजागिरीनंतर आई गेली. दिवसांना अण्णा आले. माणसे बसायला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी मुकाट्याने देवडीचे कुलूप काढले नि सतरंजी घातली. तेरा दिवस देवडी सताड उघडी होती. त्यातच मीटर वाचणारा पोरगा आला. साडेपाच वर्षांत प्रथमच तो आत शिरला, आनंदाने फोटो काढला नि गेला. जाताना अण्णांनी किल्ली आमच्या खुंटीला अडकवली. बोलले काही नाहीत.

पुढल्या बिलावर मीटरचा फोटो अगदी स्वच्छ आला होता. युनिटे ३,९१६. रक्कम रुपये ७१,५८०. दवाखान्यासाठी काढलेल्या पतपेढीच्या कर्जाचा हप्ता वळता होऊन जे हाती येई, त्यात असले बिल बसण्यासारखे नव्हते. पाठोपाठ नोटीस आली: पंधरा दिवसांत भरणा न केल्यास पुरवठा तोडण्यात येईल.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एक म्हणाले, मीटर पळतो म्हणून लिहा. दुसरे म्हणाले, दोन वर्षांपलीकडची बाकी त्यांना मागताच येत नाही. मी २००३ चा वीज कायदा मिळवून वाचला. कलम ५६ मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे खरी. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की चुकीने राहून गेलेली रक्कम त्यानंतरही मागता येते, तिच्यासाठी वीज मात्र तोडता येत नाही. आणि आईचे अकरा महिने तर दोन वर्षांच्या अलीकडचेच होते! खरी हरकत वेगळीच होती. घरगुती विजेचा दर शंभर, तीनशे, पाचशे अशा पायऱ्यांनी चढतो. पासष्ट महिन्यांचा फरक एकाच महिन्यात वापरला असे धरल्यामुळे जवळजवळ सगळी युनिटे सर्वांत महाग पायरीवर जाऊन बसली होती. ती त्या त्या महिन्यांत वाटून द्या, एवढे मागणे माझ्या हक्काचे होते.

अर्ज मी झोकात लिहिला. 'आमच्या घरी विजेचा वापर मुळातच अत्यल्प असून' अशी सुरुवात. बायको मेथी निवडत बसली होती. तिला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले नि मान वर न करता विचारले, "या अर्जात आत्याबाई कुठं आहेत?"

मी तो कागद फाडला. दुसरा लिहिला त्यात डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ यंत्र रात्रंदिवस चालू होते, मीटर आमच्याच घरच्या भांडणामुळे कुलपात होता, हे सगळे आले. भाड्याच्या पावत्या जोडल्या. कचेरीच्या खेपांविषयी काय लिहावे! चार झाल्या. तिसऱ्या खेपेस मी ग्राहक गाऱ्हाणे मंचाचे नाव काढले, आणि चौथ्या खेपेस काम झाले. खिडकीमागचा कारकून माझा विद्यार्थी निघाला. अर्ज वाचताना तो मध्येच थांबला.

"गुरुजी, यंत्राचं लिहायची गरज नव्हती. ते भरायला रकानाच नाही. एकूण युनिटांना पासष्टनं भागायचं, झालं."

भागले. महिना सुमारे १२० युनिटे. मागचे भरलेले वजा जाता रक्कम आली ३०,९४०. त्याने आपण होऊन दहा हप्ते करून दिले.

घरी येऊन मी खरा हिशेब मांडून पाहिला. ज्या महिन्यांत जेवढी वीज जळली तेवढी तेवढी धरली असती, तर दहाएक हजार तरी जास्त भरावे लागले असते. म्हणजे हा भागाकार माझ्याच फायद्याचा. पण त्या कागदावर आईचे अकरा महिने साडेपाच वर्षांवर पातळ पसरले गेले आहेत. महिन्याला बेचाळीस युनिटांच्या आसपास. कचेरीच्या दप्तरात ती २०१९ पासूनच थोडाथोडा यंत्राचा श्वास घेते आहे. त्या साली ती रोज कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरून स्नानाला जात होती नि ओल्या लुगड्याचा पिळा खांद्यावर टाकून तशीच वर चढून येत होती.

सात हप्ते भरून झाले. आठवा या लेखाच्या मानधनातून जायचा आहे, हे संपादकांच्या कानांवर घातले आहे. किल्ली आता खुंटीलाच असते. पोरगा आला की मी देवडी उघडतो. मागच्या महिन्याचे बिल आले, मी ते पाहून फडताळात ठेवू लागलो, तोच आतून बायकोचा आवाज आला, "मोठ्यानं वाचा की."

"चौऱ्याहत्तर," मी वाचले.