मुरूम की खडक?

परवा भाचीचा फोन. "मामा, तू ऑफिसात नक्की करायचास तरी काय?" पस्तीस वर्षं नोकरी झाली आणि घरात कुणाला पत्ता नाही! "निविदा उघडायचो," एवढंच म्हणालो. उरलेलं इथे लिहितोय.

१९८६ साली धुळ्यात एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून चिकटलो. तेव्हा सगळा लाखेचा कारभार. ठरल्या वेळी पेटी उघडायची, ठेकेदार खुर्च्या ओढून बसायचे, साहेब लिफाफे फोडायचे आणि मी आकडे मोठ्याने वाचायचो. बी-१ फॉर्ममध्ये ठेकेदाराने अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढंच लिहायचं. ज्याचा आकडा कमी, त्याला काम. सोपं वाटतं ना? खरी भांडणं खोदायला लागल्यावर. मुरूम लागला तर एक दर, कठीण खडक लागला तर कितीतरी जास्त. आणि आत काय निघालं ते मोजमाप पुस्तकात, म्हणजे आमच्या एम.बी.त लिहिलं असेल तेच खरं!

१९९१ची गोष्ट. साक्री तालुक्यात एका लहान ठेकेदाराकडे पाटचारीचं काम होतं. खडक लागला, त्याने सुरुंग लावले. पण नोंद व्हायच्या आधीच अभियंत्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी मुरूम लिहिला. याने अर्ज केला. फॉर्मच्या कलम ३० प्रमाणे असा वाद अधीक्षक अभियंत्यांकडे जायचा, त्यांचा निर्णय अंतिम. आता गंमत बघा. अर्जाला खात्याचं उत्तर मी लिहून दिलं होतं (अक्षर चांगलं, भाषा कडक, म्हणून मलाच बोलवायचे). आणि फाइल फिरत फिरत निर्णयाचा मसुदा करायला आली ती माझ्याच टेबलावर.

अर्जाला सुरुंगाच्या दारूची बिलं टाचलेली होती. मुरुमाला कोण सुरुंग लावतं हो? मला दिसत होतं. तरी लिहिलं, "मोजमाप पुस्तकातील नोंदीस बाधा येईल असा पुरावा नाही." सही झाली.

निर्णय हातात घेऊन तो चहाच्या टपरीवर भेटला. "मनं काय चुकनं, साहेब?" मी म्हणालो, कोर्टात जा. तो काही गेला नाही. पुढच्या निविदेला त्याचा लिफाफा आला नाही. नंतरही नाही.

१९९८ला जळगावला बदली झाली, इथेच स्थायिक झालो. मधल्या काळात १९९६चा लवाद कायदा आला, २०१५च्या दुरुस्तीने पक्षकाराच्याच नोकराला लवाद व्हायला मनाई झाली. ८ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की सरकारी करारात एकाच बाजूने एकटा लवाद नेमायचं कलम समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. आमचं कलम ३० लवादात मोडतं की नाही यावर वकील खुशाल भांडोत. मला तो मसुदाच आठवला.

गेल्या वर्षी एका लग्नाला साक्रीकडे गेलो होतो. नोकरीत असताना त्या चारीवर एकदाही गेलो नव्हतो. या वेळी वाट वाकडी केली. शेजारच्या शेताच्या बांधावर काळे दगड रचलेले. दोन-तीन दगडांवर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी पन्हळ अजून स्पष्ट दिसते.