फ्रिजच्या दारावरचे तीन रकाने

‘औषध वेळेवर आणि मोजून घ्या,’ हे वाक्य मी गेली 28 वर्षे दवाखान्यात रोज उच्चारत आले आहे. तरीही चूक घडली ती माझ्याच घरात आणि माझ्याच हातून.

सासूबाई 82 वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या घरी आल्या. त्यांच्या सेवेला आम्ही तिघे होतो : मी, माझे पती आणि दिवसभर थांबणाऱ्या मावशी. एका सकाळी मधुमेहाची गोळी मावशींनी नाश्त्याआधी दिली. दवाखान्यात जाण्याच्या घाईत मीही तीच गोळी दिली. अकराच्या सुमारास घरून फोन आला. सासूबाई घामाने भिजल्या होत्या, असंबद्ध बोलत होत्या. रक्तातील साखर होती 48. गिळण्याइतपत शुद्ध होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायला सांगितले. (शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.) पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली. या प्रकारच्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून त्यांना एक दिवस रुग्णालयातही ठेवावे लागले. त्या बचावल्या, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

माझा मुलगा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. शनिवारी तो घरी आला आणि सारे ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “आई, आजीचं एखादं काम झालं आहे, हे बाकीच्या दोघांना कळतं कसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिघेही मनापासून राबत होतो, पण एकाचे काम दुसऱ्याला दिसत नव्हते.

तो म्हणाला, “आमचंही दुखणं हेच. पूल बांधताना रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं, किती झाला. सॉफ्टवेअर दिसतच नाही. म्हणून आम्ही काम भिंतीवर आणतो.” या पद्धतीचे मूळ जपानमध्ये आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कोणता भाग कधी हवा हे सांगणाऱ्या चिठ्ठ्यांची रीत रुजवली. ‘कानबान’ म्हणजे पाटी किंवा फलक. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती आपलीशी केली.

फ्रिजच्या दारावर त्याने तीन रकाने आखले : ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी. काम हाती घेतले की चिठ्ठी पुढच्या रकान्यात सरकवायची. ‘चालू’मध्ये तीनपेक्षा अधिक चिठ्ठ्या नकोत, हातातले संपवल्याशिवाय नवे घ्यायचे नाही. अडलेल्या कामावर लाल ठिपका. आणि ‘झाले’ म्हणजे काय, हे आधीच ठरवायचे. गोळी पाकिटातून काढली म्हणजे झाले नव्हे. समोर गिळली म्हणजे झाले. सकाळच्या चहाबरोबर फलकासमोर उभे राहून पाच मिनिटांचे बोलणे : काल काय झाले, आज काय करायचे, कुठे अडले.

आठ दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. ‘न्हाणीघरात धरायला दांडी’ ही चिठ्ठी ‘चालू’मधून हलतच नव्हती. ज्या जागी सासूबाई पडल्या, तिथली दांडी प्रत्येकाला वाटत होते दुसरा बसवून घेतो आहे. त्या दिवशी तिच्यावर लाल ठिपका लागला आणि तिसऱ्या दिवशी दांडी बसली.

पण वाचकहो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. त्याच सुमारास सॉफ्टवेअरमधलाच एक तरुण रुग्ण माझ्याकडे येत असे. झोप नाही, छातीत जळजळ, रक्तदाब 150/96. त्याच्या कार्यालयातही असाच फलक होता; पण तिथे कोणाच्या नावावर किती चिठ्ठ्या सरकल्या हे मोजले जाई. मग माणसे एका कामाच्या पाच चिठ्ठ्या करू लागली आणि अडलेले काम लपवू लागली. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “फलक कामाकडे बघायला असतो, आई. माणसाकडे बघायला लागलं की तो खोटं बोलायला लागतो.”

तेव्हा मला आमच्या मावशी आठवल्या. पहिले काही दिवस त्या दिवसभराच्या साऱ्या चिठ्ठ्या संध्याकाळी एकदम सरकवून टाकत. हा फलक आपली चूक पकडण्यासाठीच लावला आहे, असे त्यांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सर्वांसमोर म्हटले, “मावशी, त्या दिवशी तुम्ही गोळी बरोबरच दिली होती. न विचारता दुसरी दिली ती मी.” त्या काही बोलल्या नाहीत. पण दोन दिवसांनी दवाखान्यातून परतले तेव्हा दुपारच्या चिठ्ठीवर लाल ठिपका होता आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘आजींनी गोळी थुंकली. पुन्हा दिली नाही. ताईंना विचारायचे.’

एवढ्या वर्षांत इतकी मोलाची नोंद मी क्वचितच वाचली असेल.

आपल्या घरीही एखादे वृद्ध, बाळंतीण किंवा दीर्घ आजारी माणूस असेल आणि सेवेला एकापेक्षा अधिक हात असतील, तर एक कागद आणि थोड्या चिठ्ठ्या पुरेत. मात्र फलक लावण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःची एखादी चूक सर्वांसमोर कबूल करावी. त्यानंतरच इतरांच्या हातून लाल ठिपके लागतात, आणि रुग्ण सुरक्षित राहतो तो त्या ठिपक्यांमुळेच.

सासूबाई आता काठी घेऊन फ्रिजपर्यंत चालत येतात. ‘चालणे : दोन फेऱ्या’ ही चिठ्ठी त्या स्वतःच सरकवतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.